दार, मूळ प्रत

वॉर्ड ऑफिससमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीशी
मी अर्ज लिहितो.
साधा अर्ज तीस रुपये, हरकत पन्नास.
अपील असेल तर आधी चहा सांगतो,
उभ्याउभ्या सांगता येत नाही ते कुणाला.

अनुसया खरटमल आली ती दार घेऊन.
दाराचा फोटो नव्हे. दार.
पत्र्याचं, मागून लाकडी पट्ट्या, एक बिजागरी लोंबती.
एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला शेजारच्या जैबुनचा मुलगा,
कुर्ल्याहून टेम्पोत आडवं घालून.

म्हणाली, लिहा.
मी म्हटलं, कागद?
पिशवीतून एकच निघाला. यादी.
अनुक्रमांक ४१७. शेरा : बंद आढळले, सबब अपात्र.

मंगळवारी अकरा वाजता आले होते मोजणीला.
मंगळवारी अकरा वाजता ती विद्याविहारला,
चौथ्या मजल्यावर,
कुणाच्या तरी आईला अंघोळ घालत होती.
कुलूप होतं, कारण आत गॅस होता,
भांडी होती, पोरीची पुस्तकं होती.
रिकाम्या घराला कुणी कुलूप घालतं का हो?
हे वाक्य मी जसंच्या तसं उतरवलं.

पूल जाणार आहे तिथून.
पुलाबद्दल माझं काही नाही, हेही लिहा म्हणाली.
त्यावरून अँब्युलन्स जाईल, पोरं कॉलेजला जातील,
जाऊ देत की.
फक्त पुलाखालून मी गेले, ती कुठं गेले,
एवढं कुठंतरी नोंदलेलं असू द्या.

मग तिनं पदरानं दार पुसलं.
एक कोपरा सोडून.
तिथं खडूनं इंग्रजी पी, खाली तारीख, पुढं बाण.
पोलिओवाल्या बाया. त्या रविवारी यायच्या,
रविवारी ती घरी असायची.
शेजारी काळ्या शाईत जनगणनेचा आकडा.
मलेरियावाल्यांचं कार्ड, उंदरानं एका कडेनं खाल्लेलं,
सह्या मात्र शाबूत.
सगळ्यात वर लाल ऑइलपेंट, ओघळ आलेला : ४१७.
सरकारचंच अक्षर आहे सगळं, ती म्हणाली.
आमचं एवढंच.
आणि दार उलटं केलं.
आतून, खिळ्यानं कोरलेला सतराचा पाढा,
एकशेदोनपर्यंत आलेला.

सुनावणी दुसऱ्या मजल्यावर.
लिफ्टमध्ये दार मावेना.
जिन्याच्या वळणावर अडलं, तिरकं केलं,
शिपायानं नको नको म्हणत हात लावला.
साहेब वाईट नव्हते. तिला खुर्ची दिली.
दाराकडे बराच वेळ पाहत राहिले,
एकदा चष्मा काढून.
मग म्हणाले, बाई, पुरावा ए-फोर आकारात लागतो.
साक्षांकित. दोन प्रती.

कुणी हसलं नाही.
ही मूळ प्रत आहे साहेब, अनुसया म्हणाली,
झेरॉक्स तुमच्याकडंच असेल.

नऊ तारीख मिळाली.
मानखुर्दला नणंदेच्या खोलीत सात माणसं निजतात,
आठवं दार कुठं ठेवणार.
म्हणून ते माझ्याकडे आहे.
रंगाच्या दोन डब्यांवर आडवं टाकलंय,
खडूची बाजू खाली, हात लागून पुसू नये म्हणून.
त्यावरच लिहितो आता सगळ्यांचे अर्ज.

काल तिघी आल्या, त्याच यादीतल्या.
४०२, ४०९, ४३१.
एक कोळंबी सोलते, एक शाळेत झाडू मारते,
एक त्या दिवशी केईएममध्ये होती, बाळंत होत.
पैसे घेतले नाहीत असं नाही.
एकीचे घेतले. माझंही भाडं थकलंय.

लिहिताना कडीच्या भोकावर कागद आला
की पेन आरपार जातं.
कागद फाडतो, नवा घेतो,
जरा डावीकडे सरकवतो, पुन्हा सुरू करतो :

प्रति, सक्षम प्राधिकारी.
विषय : मंगळवारी कामावर असल्याबाबत.